नवरा साताऱ्याला, बायको कराडला... मग भाड्याचं घर घ्यायचं कुठं?

कराड, तालुका वार्ताहर :

लग्नाच्या बोलण्यात आता दोन्हीकडचे बायोडाटा नोकरीचे असतात. मुलगा साताऱ्याला एमआयडीसीत, मुलगी कराडला दवाखान्यात. याद्या होतात, सुपारी फुटते, हॉल ठरतो, वाजंत्री ठरतात. लग्नानंतर हे दोघं राहणार कुठं, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच तर बैठकीतल्या एखाद्या जाणत्या माणसाचं उत्तर तयार असतं. "मधी बघा की एखादं गाव. त्याला पण जवळ, तिला पण जवळ."

ऐकायला हे रास्त वाटतं. निम्मं तुझं, निम्मं माझं. पण माझ्या भावकीतल्या एका पुतण्याचा संसार मी या 'मधी'पायी जवळजवळ मोडताना बघितला. म्हणून हा विषय जरा सविस्तर लिहितोय. ज्यांच्या घरात पुढच्या वर्षभरात लग्न आहे त्यांनी तरी वाचावा.

पुतण्या साताऱ्यात कारखान्यात. तीन पाळ्या, सात ते तीन, तीन ते अकरा आणि अकरा ते सात. सून कराडला खासगी दवाखान्यात नर्स. तिचीही ड्युटी फिरती, कधी सकाळी, कधी दुपारी दोन ते रात्री आठ, महिन्यातला एक आठवडा रात्रपाळी. गाव आमचं मसूर भागातलं. गावात घर आहे, दोन म्हशी आहेत, ऊस आहे. पण दुपारची ड्युटी करून रात्री आठला सुटलेल्या बाईला कराडहून आमच्या गावाला यायला त्या वेळी गाडी नाही. म्हणून गावात राहणं आधीच बाद झालं.

कराड ते सातारा साधारण 52 किलोमीटर. बरोबर मध्यावर अतीत, काशीळ येतं. पण बाजारपेठ, दवाखाना, शाळा म्हणून त्यांनी उंब्रज धरलं. तिथून कराड 18-20 किलोमीटर, सातारा 30-32. नकाशावर बघितलं तर उत्तम. भाडंही कराडपेक्षा अडीच हजारांनी कमी.

किलोमीटर मोजले, वेळ मोजला नाही

पहिली चूक इथं झाली. सुनेला उंब्रजहून कराडला जायचं तर खोलीपासून स्टँडपर्यंत चालत दहा मिनिटं, गाडीची वाट बघण्यात पंधरा-वीस. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या हायवेवरनंच पुढं निघून जातात. मग बसमध्ये अर्धा तास आणि कराड स्टँडवरून दवाखान्यापर्यंत आणखी दहा. म्हणजे 18 किलोमीटरला घरातून निघून कामावर पोचेपर्यंत 70 मिनिटं. पुतण्या मोटारसायकलनं जायचा, त्याला 50 मिनिटं. दोघांचं जाऊन-येऊन मिळून दिवसाला चार तास रस्त्यावर.

आता हेच घर कराडात असतं तर? सून दहा मिनिटांत चालत दवाखान्यात. पुतण्याला घरापासून स्टँड दहा मिनिटं, बस तासभर, पुढं एमआयडीसीपर्यंत दहा मिनिटं, म्हणजे एका बाजूला 80 मिनिटं. दोघांचं मिळून दिवसाला तीन तास. किलोमीटर वाढले आणि तास एक वाचला. असं का होतं? तर प्रवासातला बराच वेळ रस्त्यात जातच नाही. स्टँडला जाण्यात, वाट बघण्यात, गाडी बदलण्यात जातो. मध्यावर राहिलं की हा वेळ दोघांचाही जातो. एका टोकाला राहिलं की निदान एकाचा तरी पूर्ण सुटतो.

वाचलेला तास सुनेचा होता आणि वाढलेला पुतण्याचा, हे खरं आहे. त्यावर पुढं बोलू.

तुमचं घर कुठंही असो, हा हिशोब कागदावर मांडा. उंबऱ्यातून पाय बाहेर टाकल्यापासून कामावर अंगठा लावेपर्यंतचा वेळ. तोही एकदा सकाळचा आणि एकदा रात्रीचा. आणि एक सांगतो, घर बघायला मे महिन्यात जाऊन निर्णय घेऊ नका. मे महिन्यात रस्ता मोकळा असतो, कोरडा असतो, उजेड सातपर्यंत असतो. हाच रस्ता जुलैच्या पावसात बघा. कारखाने सुरू झाल्यावर बघा, जोड ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्री मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असे पुढं चाललेले असतात. त्यात शेंद्रे-कागल टप्प्यात हायवेच्या सहापदरीकरणाची कामं सुरू झाल्यापासून कुठं वळण काढलेलं, कुठं सगळी वाहतूक सेवारस्त्यावर सोडलेली. रात्री अकराला पाळी सुटलेल्या माणसाला हे सगळं अंधारात पार करायचं असतं.

ज्या रात्री कळलं

पोरगी चौदा महिन्यांची होती. जुलै महिना, पाऊस लागलेला. पुतण्या दुसऱ्या पाळीला, सून दुपारच्या ड्युटीला. पोरीला शेजारच्या काकू सांभाळायच्या. संध्याकाळी सहाला पोरीला ताप चढला, सातपर्यंत अंग भट्टीसारखं. काकूंनी दोघांना फोन लावले. पुतण्याचा फोन लॉकरमध्ये, पाळी चालू असताना आत न्यायला परवानगी नाही. सुनेनं विनवणी करून सुट्टी घेतली, स्टँडवर आली तर गाडी नुकतीच गेलेली. शेवटी वडाप मिळालं, तेही भरेपर्यंत थांबलं. ती पोचली तेव्हा नऊ वाजत आले होते. काकूंनी तोवर पोरीला उंब्रजमधल्याच डॉक्टरांकडं नेलं होतं, म्हणून निभावलं. पोरगी बरी झाली.

पण त्या रात्री कळलं की 'दोघांनाही जवळ' ठेवलेलं घर वेळ आल्यावर दोघांनाही लांब पडलं. आई लहान मुलांच्या वॉर्डात काम करते, आणि तिचंच लेकरू दोन तास दुसऱ्याच्या मांडीवर तापानं फणफणतंय.

यातून मला जे समजलं ते असं. घर कुणाच्या जवळ हवं? ज्याला अचानक घरी यावं लागतं त्याच्या. ज्याच्या कामाची वेळ त्याच्या हातात नाही त्याच्या. ज्याच्याकडं रात्री स्वतःची गाडी नाही त्याच्या. आणि लेकरू लहान असेल तर ते अंगावर पिणाऱ्या आईच्या. बहुतेक घरांत ही सगळी उत्तरं एकाच माणसाकडं बोट दाखवतात. दुसऱ्यानं मग एक लांबचा, पण सरळ, गाडी न बदलता होणारा प्रवास पत्करायचा.

"तिच्या पगारात उरतंय काय?"

त्या रात्रीनंतर घरात बैठक बसली. गावाकडून दादा आणि वहिनी म्हणजे पुतण्याचे आई-वडील आले, मीही होतो. दादांनी पहिलंच वाक्य टाकलं, "सुनबाईंनी नोकरी सोडावी." त्यांचा हिशोब सोपा होता. तिचा पगार, त्यातून खोलीचं भाडं वजा, शेजारच्या काकूंना द्यायचे पैसे वजा, तिकीट वजा. उरतंय काय?

हा हिशोब आपल्या गावागावात चालतो आणि त्यात एक मोठी खोट आहे. भाडं, सांभाळणावळ, तिकीट हे सगळं एकट्या बाईच्या पगारातूनच का वजा करायचं? लेकरू दोघांचं, खोली दोघांची. वजा करायचं तर दोघांच्या पगाराच्या बेरजेतून करा, मग आकडा वेगळा दिसतो. दुसरं म्हणजे आज सोडलेली नोकरी चार वर्षांनी तशीच्या तशी परत मिळत नाही. अनुभव तुटतो, भविष्य निर्वाह निधी तुटतो. मी हे बैठकीत बोललो तेव्हा दादा माझ्यावर आठ दिवस नाराज होते.

कराडला घर केलं, मग खर्चाचं काय?

भाडं अडीच हजारांनी वाढलं. पण खर्च सगळा मांडला तर चित्र बदलतं. उंब्रजला असताना पुतण्या रोज 64 किलोमीटर मोटारसायकल चालवायचा. गाडी 50 चा ॲव्हरेज देते आणि पेट्रोल 105 रुपये धरलं तर रोजचे 134 रुपये, 26 दिवसांचे साडेतीन हजारांच्या आसपास. ऑइल, टायर, चेन वेगळं. कराडहून तो मोटारसायकलनंच गेला असता तर रोजचे 104 किलोमीटर, महिन्याला जवळजवळ 5,700 रुपये. ते परवडणारं नव्हतं आणि शरीरालाही झेपणारं नव्हतं. म्हणून एसटीचा पास काढला.

पासाचं गणित बऱ्याच जणांना माहीत नसतं. एसटीच्या मासिक पासाला 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस प्रवास करता येतो. हिशोबाला एका बाजूचं तिकीट 100 रुपये धरू. रोज तिकीट काढून 26 दिवसांचे 5,200 होतात, पासानं 4,000. महिलांना मात्र 17 मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. त्यामुळं त्याच अंतराला बाईला रोज तिकीट काढूनही 26 दिवसांचे 2,600 च होतात. म्हणजे पुरुषानं पास काढावा आणि बाईनं रोजचं अर्धं तिकीट काढावं, हे स्वस्त पडतं. यातूनच काही घरांत लगेच "तिचंच तिकीट अर्धं आहे, मग तिनंच लांब जावं" असं निघतं. तिकीट अर्धं झालं म्हणून रस्ता अर्धा होत नाही, एवढंच म्हणतो.

साताऱ्यात स्टँडजवळ ओळखीच्या माणसाकडं पुतण्यानं जुनी मोटारसायकल ठेवलीय, स्टँड ते कंपनी तेवढीच चालवायची. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो रोज येतच नाही. चार कामगारांनी मिळून साताऱ्यात एक खोली घेतलीय, कॉट बेसिसवर. तिथं झोपतो आणि सुट्टीला घरी येतो. रात्रपाळी करून सकाळी डोळ्यांवर झोप घेऊन 52 किलोमीटर मोटारसायकल चालवणं म्हणजे जीवाशी खेळ आहे. हायवेवरच्या किती अपघातांच्या बातम्या मी स्वतः दिल्यात, पहाटे पाच ते आठ ही वेळ मला आता नको वाटते.

रेल्वेचं विचाराल तर पास एसटीपेक्षा स्वस्त पडतो. पण कराडचं स्टेशन ओगलेवाडीला आणि साताऱ्याचं माहुलीला, दोन्ही गावाबाहेर. दोन्ही टोकांना रिक्षा किंवा गाडी लागते आणि वेळा पाळीशी जुळत नाहीत. मसूर, तारगाव, रहिमतपूर, कोरेगाव या स्टेशनांजवळ ज्यांचं घर आहे आणि ज्यांची कामाची वेळ ठरलेली आहे, त्यांनी मात्र आधी वेळापत्रक बघावं. आरक्षित डब्यात पास चालत नाही हेही लक्षात असू द्या.

चारचाकी असणाऱ्यांनी टोल धरायला विसरू नये. उंब्रज-कराडच्या मध्ये तासवडे, साताऱ्याहून पुण्याच्या वाटेला आनेवाडी. टोलनाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाडीला सवलतीचा मासिक पास मिळतो. शिवाय 15 ऑगस्ट 2025 पासून खासगी कार-जीपसाठी फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झालाय. सुरू झाला तेव्हा 3,000 रुपयांत एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते. पण रोज एक नाका दोनदा ओलांडणाऱ्याच्या 200 फेऱ्या चार महिन्यांतच संपतात, त्यामुळं नाका जवळ असेल तर स्थानिक मासिक पासच आधी विचारा. दुचाकीला टोल नाही.

मधलं गाव कधी चांगलं?

मधलं गाव नेहमीच वाईट असं मी म्हणत नाही. दोघांचीही वेळ दहा ते सहा ठरलेली असेल, दोघांकडं आपापली गाडी असेल, तर चालतं. सगळ्यात चांगलं तेव्हा, जेव्हा मधलं गाव तुमचं स्वतःचंच असतं. सासू-सासरे घरात, लेकरू आजीपाशी, दूध घरचं. नागठाण्यात, अतीतमध्ये अशी कितीतरी घरं आहेत, एक साताऱ्याला जातो, एक कराडला, आणि छान चाललंय. तिथं जमतं याचं कारण घर मध्यावर आहे हे नसून घरात माणूस आहे, हे आहे. सुनेचं माहेर एका टोकाला असेल तर माहेराजवळ खोली घ्यायलाही लाजू नका. लोक दोन महिने बोलतात, मग विसरतात.

एकजण पुण्यात आणि एक साताऱ्यात असेल तर शिरवळ मध्ये पडतं. तिथं एमआयडीसीमुळं घरं मिळतात, भाडंही तसंच घेतात. पण सातारच्या बाजूला खंबाटकी घाट आणि पुण्याच्या बाजूला कात्रज. शनिवार-रविवार नि सणासुदीला दोन्हीकडं रांगा. एका बाजूचा प्रवास दीड तासाच्या वर जात असेल तर रोज ये-जा करायचा हट्ट सोडावा असं माझं मत झालंय. एकानं आठवड्याला यावं. रोज रात्री दहाला येऊन जेवून झोपणारा बाप आणि शनिवारी दुपारी येऊन सोमवारी पहाटे जाणारा बाप, यातला दुसरा लेकराला जास्त ओळखीचा असतो. महिन्याचे 26 दिवस रोज तीन तास धरा, 78 तास होतात. तीन अख्खे दिवस-रात्र आणि वर सहा तास, नुसते रस्त्यावर.

दोघंही जिल्हा परिषदेत शिक्षक असतील तर त्यांच्यासाठी बदलीत सोय आहे. दोघांच्या शाळांमधलं अंतर 30 किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर पती-पत्नी एकत्रीकरणाखाली विशेष संवर्ग भाग 2 मधून अर्ज करता येतो. अशांनी बदलीची वेळ येईपर्यंत भाड्यानं राहावं, घर बांधायची घाई करू नये.

खोली घेण्याआधी

आधी आठवडाभर तालीम करा. डिपॉझिट द्यायच्या आधी पाहुण्यांकडं, मित्राकडं सहा-सात दिवस राहून तिथून दोघांनीही कामावर जाऊन बघा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दोघांच्या पाळ्या लिहा, त्याच्या निळ्या पेनानं, तिच्या लाल पेनानं. ज्या तारखेला दोन्ही रंग एकाच वेळी घराबाहेर आहेत, त्या तारखा मोजा. त्या दिवशी लेकराजवळ कोण, हे नावानिशी ठरवा. पुतण्याच्या घरी महिन्याला असे नऊ दिवस निघाले. सुनेनं मेट्रनना तो कागदच दाखवला, तर तिची रात्रपाळी पुतण्याच्या पहिल्या पाळीच्या आठवड्यात लावून मिळाली. एवढं विचारायला दोन वर्षं कुणाला सुचलं नव्हतं.

काही हक्कही आहेत, ते मागावे लागतात. 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय देणं मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराकडं जाऊ देणंही. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दवाखानेही येतात. त्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीनंच कामावर ठेवता येतं आणि घरापर्यंत पोचवायची सोय करावी लागते. ईएसआय कापला जात असेल तर कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, कामावरचा अपघात धरला जातो. तसं काही घडलं तर कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा, नंतर सांगितलेलं कुणी मानत नाही.

भाडेकरार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणं करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. "कशाला खर्च, आपण घरचेच" म्हणणारा मालक डिपॉझिट परत देताना घरचा राहत नाही, हा उंब्रजचा अनुभव. शिवाय शाळेच्या प्रवेशाला पत्ता दाखवायला हाच करार लागतो. रेशन कार्ड गावातलंच असलं तरी धान्य राज्यातल्या दुसऱ्या दुकानातून अंगठा लावून घेता येतं. मतदानाचं नाव कायमचं हलवायचं असेल तर फॉर्म 8 भरा. दोन ठिकाणी नाव ठेवणं गुन्हा आहे.

आणि पहिल्या दोन वर्षांत फ्लॅट किंवा गुंठाभर जागा घेऊ नका. नोकरी बदलते, पाळी बदलते, कंपनीच बदलते. पुतण्यानं उंब्रजला फ्लॅटचं बुकिंग करायचं ठरवलंच होतं. उसाचं बिल उशिरा आलं म्हणून राहिलं. बिल उशिरा आल्याचा फायदा झालेला मी आयुष्यात एकदाच बघितला.

आता वाढलेल्या त्या तासाचं. पुतण्याचा रोजचा एक तास जास्त जातो आणि तो अधूनमधून कुरकुरतो, ते साहजिक आहे. सुनेनं मग स्वतःहून ठरवलं, बाजारहाट, दूध, पोरीचा डोस, लाईट बिल हे सगळं तिच्याकडं. रविवारी स्वयंपाक त्याच्याकडं. आमटी बरी करतो, भाकरी अजून जमत नाही.

वहिनी आता दोघांच्या पाळ्या एकत्र येतात त्या आठवड्यात सोमवारी सकाळच्या एसटीनं अर्ध्या तिकिटात कराडला जाते आणि शनिवारी परत येते. त्या दिवसांत गावाकडं धारा दादा काढतात. पहिल्या आठवड्यात म्हशीनं दोनदा बादली लवंडली. आता ती त्यांना उभं राहू देते.